सेवा आणि ताबा : मराठी वाङ्मयातील रुग्णालयाविषयी काही विचार

१

आजारपणाचे मराठी वाङ्मयाला कधीच वावडे नव्हते. क्षयाने झिजणारी नायिका, विषमज्वरात बरळणारा नायक, अंथरुणाला खिळलेला वृद्ध पिता यांनी आपल्या कथा-कादंबऱ्यांची कितीतरी पाने व्यापलेली आहेत. परंतु हे आजारपण बहुधा घरातले असते. उशाशी आई किंवा पत्नी असते, कोनाड्यात औषधाची बाटली असते आणि दाराबाहेर शेजारीपाजारी हलक्या आवाजात बोलत असतात. कथा रुग्णालयात शिरलीच, तर ती शस्त्रक्रियागृहाच्या बंद दारापाशी थांबते. दार उघडते, डॉक्टर बाहेर येतात, दोन शब्द बोलतात आणि प्रकरण संपते. त्यानंतर रुग्णाला जेथे आठवडेच्या आठवडे काढावे लागतात, त्या खाटांच्या रांगेकडे लेखकाचे लक्ष सहसा जात नाही.

परिचारिकेचे चित्रणही असेच दोन साच्यांत अडकलेले दिसते. एका साच्यात ती शुभ्रवस्त्रा करुणामूर्ती असते. दुसऱ्यात ती तरुण रुग्णाच्या प्रेमात पडते आणि त्याला बरे करून स्वतः दुःखी होते. रुग्णाच्या वाट्याला तिच्या हातून सुखच यावयाचे, हे दोन्ही साच्यांत गृहीत धरलेले असते.

ज्याने सार्वजनिक रुग्णालयात आप्तांच्या उशाशी चार रात्री काढल्या आहेत, त्याला मात्र दुसरेही काही ठाऊक असते. अंथरूण भिजेल म्हणून म्हाताऱ्याला पाणी बेताने दिले जाते. भांडे मागणाऱ्याला ताटकळत ठेवले जाते आणि मग भिजलेल्या चादरीबद्दल सर्वांदेखत त्याची शोभा केली जाते. वेळ नाही म्हणून हात खाटेच्या गजांना बांधले जातात. कण्हणाऱ्याला सुईचा धाक घातला जातो. मनोरुग्णांना रांगेने उघडे करून त्यांच्या अंगावर पाणी ओतले जाते. आणि या क्रमाच्या अगदी शेवटी, ज्या स्त्रीला आपल्यावर काय गुदरले हे सांगताही येणार नाही, अशा बेशुद्ध किंवा भ्रमिष्ट स्त्रीच्या देहाची विटंबना असते. सर्वच परिचारिका व सेवक असे वागतात, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यांच्यातील बहुसंख्य अपुऱ्या मनुष्यबळानिशी, रात्रीमागून रात्री जागून, इतरांनी नाक मुरडावे असे काम निमूटपणे करीत असतात. तथापि जे घडते ते घडते, आणि ते मराठी वाङ्मयात जवळजवळ नाही. हे असे का, याचा विचार समीक्षेने करावयास हवा.

आमच्या मते याचे एक कारण एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘सेवा’. रुग्णशुश्रूषेला आपण सेवा म्हणतो, आणि सेवेच्या नात्यात सेवक धाकटा व सेव्य थोरला असतो. परंतु रुग्णालयाच्या खाटेवर पडलेला मनुष्य थोरला नसतो. त्याचे अन्न, पाणी, वस्त्र, झोप, लज्जा ही सारी दुसऱ्याच्या हाती असतात. या नात्याचे खरे नाव ‘ताबा’ हे आहे. खोलीतील मावशी, मामा, सिस्टर ही संबोधने गोड आहेत आणि पुष्कळदा ती सार्थही असतात. परंतु ज्याच्यावर आपला ताबा आहे त्याला आपण नात्यातले म्हणवून घेतले, म्हणजे ताबा नाहीसा होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. मराठी लेखकाने सेवेचे नाव पाहिले आणि ताब्याची वस्तुस्थिती पाहिली नाही.

२

हैदराबादच्या मराठी वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. काचीगुड्याचे रेल्वेस्थानक निजामी राजवटीत १९१६ साली उभे राहिले, आणि गोदावरीच्या खोऱ्यातून येणाऱ्या मीटरगेजच्या गाड्यांनी मराठवाड्याची माणसे या शहरात आणली. कोणी शिक्षणासाठी आले, कोणी नोकरीसाठी, कोणी न्यायालयातील कामासाठी. आणि पुष्कळ जण आजारी माणसाला घेऊन मुसीकाठच्या उस्मानिया रुग्णालयाची वाट विचारीत आले. निजामी राज्याचे मनोरुग्णालय तर आधी जालन्यासच होते. १९५३ साली ते हैदराबादेत एरागड्ड्यास आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन मराठवाडा वेगळा झाला, परंतु काचीगुडा, सुलतानबाजार, कोठी या भागांतील मराठी वस्ती राहिली.

या इतिहासाचा आमच्या विषयाशी संबंध असा, की परभाषेच्या प्रदेशातील रुग्ण दुहेरी असहाय असतो. शरीर थकलेले असते आणि बोलणेही कोणापर्यंत पोचत नाही. मातृभाषा आणि वेदना यांचे नाते फार जवळचे आहे. तीव्र ज्वरात, वार्धक्याच्या विस्मृतीत माणूस मागाहून शिकलेल्या भाषा विसरतो आणि बालपणीच्या भाषेकडे परततो. जन्मभर उर्दूत व तेलुगूत व्यवहार केलेला वृद्ध अखेरीस मराठीत पाणी मागतो. ते शब्द ज्याच्या कानी पडतात त्याला ते कळले नाहीत, तर ते बरळणे ठरते. आणि बरळणाऱ्याची तक्रार कोणी नोंदवीत नसते. भाषेचे कार्य काय, याची चर्चा करणाऱ्या आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनी भाषेचे हे अगदी प्राथमिक कार्यही ध्यानात घ्यावयास हवे. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत तेलुगू वा कन्नड बोलणाऱ्या रुग्णाची स्थिती याहून निराळी असेल, असे मानण्यास आधार नाही.

३

मराठी समाजात या विषयाला पहिला मोठा शब्द एका स्त्रीने दिला, आणि तो तिला इंग्रजीत द्यावा लागला. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. घरझडत्या चालू होत्या आणि संशयित रुग्णांना सक्तीने प्लेगच्या रुग्णालयात व छावण्यांत हलविण्यात येत होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात पंडिता रमाबाईंचे पत्र ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात प्रसिद्ध झाले. पुण्याच्या प्लेग-रुग्णालयातील दुर्व्यवस्था, आणि तेथे नेलेल्या तरुण स्त्रियांची अब्रू तेथल्याच माणसांच्या हाती सुरक्षित नाही हा आक्षेप, असा त्या पत्राचा गाभा होता. त्यासाठी त्यांनी आपल्या आश्रयास असलेल्या मुलीचा दाखला दिला. प्रकरण विलायतेत पार्लमेंटपर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी ते पत्र चुकीचे व दिशाभूल करणारे ठरविले.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडात, प्लेगच्या झडत्यांत गोऱ्या शिपायांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचाराचा आरोप मांडला. स्वदेशी परतल्यावर, ज्यांनी ही हकिगत कळविली होती त्यांच्याकडून पुरावा उभा राहिना, आणि गोखल्यांना जाहीर क्षमायाचना करावी लागली. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे या विषयाची मूळ अडचण स्पष्ट होते. जिच्यावर गुदरले ती बोलत नाही. बोलू शकत असली तरी अब्रूपायी बोलत नाही. तिच्या वतीने जो बोलतो त्याला पुरावा मागितला जातो, आणि तो देता आला नाही की बोलणाराच अपराधी ठरतो. न्यायालयाला पुरावा मागावाच लागतो, याबद्दल तक्रार नाही. परंतु जेथे साक्ष देणारा अस्तित्वातच नाही तेथे सत्याने कोठे जावे? आमच्या समजुतीप्रमाणे ललित वाङ्मयाचे प्रयोजन येथे सुरू होते. पुराव्याच्या मार्गाने जे सिद्ध होत नाही ते प्रतीतीच्या मार्गाने पटविणे हे त्याचे काम आहे.

मराठीत आत्मकथनाची परंपरा बलवान आहे. दलित आत्मकथनांनी तर ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांचा स्वानुभव साहित्याच्या मध्यभागी आणून ठेवला. पण आत्मकथनालाही एक मर्यादा असते: लिहिणारा त्या अनुभवातून बाहेर आलेला असावा लागतो. विस्मृतीच्या गर्तेत गेलेली वृद्धा, वाचा गेलेला पक्षाघाती, जन्मतः मतिमंद मूल, यांपैकी कोणीही आपले ‘बलुतं’ लिहिणार नाही. त्यांच्यासाठी कल्पना हे एकच साधन उरते. म्हणून या विषयावर कथा-कादंबरी नसणे ही उणीव इतर विषयांवरील उणिवेहून अधिक गंभीर आहे.

४

इतर वाङ्मयांनी ही जबाबदारी कशी पेलली, हे थोडक्यात पाहणे उपयुक्त होईल. डिकन्सने ‘मार्टिन चझलविट’ या १८४३-४४ मधील कादंबरीत सेरी गॅम्प ही भाडोत्री परिचारिका निर्माण केली. ती मद्य पिते, रुग्णाच्या हातांना चापून त्याचे प्रेत कसे दिसेल याचा अंदाज घेते, आणि तिची जोडीदारीण तिला सुचविते की आरामखुर्ची पुरेशी मऊ नाही, तेव्हा रुग्णाची उशी घ्यावी. प्रसंग हास्यकारक आहे, पण त्या उशीचा विसर पडत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे कार्य त्यानंतरच्या दशकातले. तिने जी शुश्रूषा बदलली तिचे नाव इंग्रज वाचकाला गॅम्पबाईमुळे आधीच ठाऊक झालेले होते. मराठीत क्रम उलटा झाला. १९०९ साली पुण्यास सेवासदन निघाले, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली त्याने ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या-शिक्षणाची सोय केली, आणि ज्या कामाला समाज हलके समजत होता ते अनेक विधवांच्या स्वाभिमानाचे साधन झाले. या कार्याचे मोल मोठे आहे. मात्र त्याचा आदर करताना आपल्या लेखकांनी आदर्शाचेच चित्र काढले, आणि आदर्श ज्या वस्तुस्थितीशी झगडत होता ती चित्राबाहेर राहिली.

१८८७ साली नेली ब्लाय या अमेरिकन वार्ताहर तरुणीने वेडाचे सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या ब्लॅकवेल बेटावरील मनोरुग्णालयात दहा दिवस काढले, आणि परिचारिकांकडून होणारी मारहाण व गारठणक पाण्याची स्नाने यांची हकिगत प्रसिद्ध केली. चौकशी झाली, अनुदान वाढले. तिचे लेखन धाडसाचे आहे. पण तिचे म्हणणे खरे मानले गेले ते ती वेडी नव्हती म्हणून. तिच्याबरोबर तेथे असलेल्या स्त्रिया हेच सांगत होत्या आणि त्यांचे कोणी ऐकत नव्हते.

या विषयावरील सर्वश्रेष्ठ कृती आमच्या मते चेखॉव्हची ‘वॉर्ड नंबर सहा’ ही १८९२ मधील दीर्घकथा होय. त्यात निकिता नावाचा रखवालदार रुग्णांना ठोसे लगावतो. चेखॉव्ह त्याला राक्षस करीत नाही. निकिता हा साधा, आज्ञाधारक, जड बुद्धीचा मनुष्य आहे. त्याला व्यवस्था प्रिय आहे, आणि मारल्यावाचून व्यवस्था राहत नाही अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. कथेचा रोख डॉक्टर रागिनकडे आहे. तो सुसंस्कृत आहे, वाचक आहे, आणि सुखदुःख मनाच्याच अधीन असते हे तत्त्वज्ञान त्याला सोयीचे आहे. वॉर्डात काय चालते ते त्याला ठाऊक आहे आणि तो तेथे जात नाही. अखेर त्यालाच वेडा ठरवून त्या वॉर्डात कोंडले जाते, निकिताचे ठोसे त्याला बसतात, आणि ही वेदना इतर माणसे वर्षानुवर्षे सोसत होती हे त्याला तेव्हा कळते. दुसऱ्या दिवशी तो मरतो. मारणारा हात निकिताचा असला, तरी तो हात मोकळा राहिला तो न पाहणाऱ्याच्या सभ्यतेमुळे, हा या कथेचा निष्कर्ष आहे. शिक्षक, डॉक्टर, लेखक अशा सर्व सुशिक्षितांना तो लागू पडतो.

५

आता मराठीकडे वळू. वसंत कानेटकरांच्या ‘वेड्याचं घर उन्हात’ या १९५७ मधील नाटकाने मनोविकाराला गांभीर्याने रंगभूमीवर आणले, परंतु नाटकाच्या नावातच सांगितल्याप्रमाणे ते घराचे नाटक आहे. ‘नटसम्राट’ने आणि जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ने वार्धक्याची विटंबना व एकाकीपण दाखविले, तेही कुटुंबाच्या संदर्भात. डॉ. अरुण लिमये यांच्या ‘क्लोरोफॉर्म’ने वैद्यकीय व्यवसायातील अनाचार आतल्या माणसाच्या धैर्याने उघड केला, आणि मराठवाड्याचे नाटककार अजित दळवी यांनी ‘डॉक्टर, तुम्ही सुद्धा!’ मध्ये वैद्यकीय नीतीचा प्रश्न प्रेक्षकांसमोर ठेवला. या दोन कृतींचे श्रेय निःसंशय आहे. मात्र दोहोंचा रोख डॉक्टरावर आहे. डॉक्टर खाटेपाशी दिवसातून काही मिनिटे असतो. उरलेला दिवस आणि संपूर्ण रात्र रुग्ण ज्यांच्या हाती असतो, त्यांच्याकडे आपल्या वाङ्मयाची दृष्टी अद्याप वळावयाची आहे.

या संदर्भात अरुणा शानबाग प्रकरणाचा विचार अपरिहार्य आहे. मुंबईच्या परळ येथील के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने रुग्णालयाच्या आवारातच अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि ती जन्माची परावलंबी झाली. आरोपीला शिक्षा झाली ती चोरीची व खुनाच्या प्रयत्नाची. बलात्काराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, ती त्याच रुग्णालयात होती. तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी तिला न्हाऊमाखू घातले, भरविले, आणि इतक्या वर्षांत तिच्या पाठीला शय्याव्रण होऊ दिला नाही. तिला तेथून हलविण्याचा घाट घातला गेला तेव्हा त्याच आडव्या आल्या.

रुग्णालयाच्या भिंतींच्या आत नीच कृत्य करणारा नोकर आणि चार दशके निष्ठेने सेवा करणाऱ्या परिचारिका, ही दोन्ही टोके या एका प्रकरणात आहेत. त्यामुळे ‘परिचारिका देवता’ आणि ‘परिचारिका राक्षसी’ हे दोन्ही साचे येथे मोडतात. जेथे परिचारिकाच सुरक्षित नाही तेथे रुग्ण सुरक्षित असणे कठीण, हेही ते शिकविते. आणखी एक विचार मनात येतो. या परिचारिकांना अरुणा हे केवळ खाट-क्रमांक नव्हती. ती त्यांची होती, तिला नाव होते, पूर्ववृत्त होते. त्या वृत्तान्तामुळे अनोळखी देहाचे माणूस झाले. मग ज्या रुग्णाचा वृत्तान्त कोणालाच ठाऊक नाही, त्याचे काय? त्याला तसा वृत्तान्त देणे, निदान तसा असू शकतो याची जाणीव वाचकाच्या ठायी जागविणे, हे कथाकाराचे कार्य आहे.

पिंकी विराणी यांनी १९९८ साली अरुणावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याआधीच दत्तकुमार देसाई यांनी मराठीत ‘कथा अरुणाची’ हे नाटक लिहिले होते. २००२ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. पुढे विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात दयामरणाची मागणी केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने ती नाकारली आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार विराणी यांचा नसून तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयीन मंडळींचा आहे, असे म्हटले. कायद्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच असेल. साहित्याच्या दृष्टीने मात्र त्यातून एक बिकट प्रश्न उभा राहतो. जी बोलू शकत नाही तिच्या वतीने कोण बोलणार? लेखक की जिच्या हाती ती आहे ती व्यक्ती? के. ई. एम. मध्ये ताबा आणि प्रेम एकत्र होते, म्हणून उत्तर सोपे झाले. जेथे ताबाच क्रूर आहे, तेथे ताबेदाराकडे रुग्णाचा शब्द सोपविता येणार नाही. तेथे त्रयस्थाची, म्हणजेच लेखकाची, आवश्यकता राहते.

६

या बाबतीत कायदा वाङ्मयाच्या पुढे गेला आहे, हे कबूल केले पाहिजे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. त्यावर देशभर जो क्षोभ झाला त्यातून १९८३ ची दुरुस्ती आली, आणि पोलीस कोठडी व तुरुंग यांच्याबरोबर रुग्णालयातील कर्मचाऱ्याने तेथील स्त्रीचा गैरफायदा घेणे हा वेगळा अपराध ठरला. रुग्णालय हाही एक प्रकारचा ताबाच आहे, हे कायद्याने चाळीस वर्षांपूर्वी मान्य केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाला क्रूर व अवमानकारक वागणुकीपासून संरक्षणाचा हक्क दिला आणि त्याला साखळदंडाने बांधणे निषिद्ध ठरविले. परंतु कायदा अपराधाला नाव देतो. पाणी न मिळालेल्या म्हाताऱ्याची रात्र केवढी लांब असते, हे तो सांगू शकत नाही.

ते सांगण्याची शक्ती मराठीत नाही, असे आम्ही मानीत नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ लिहिताना बालविधवेची कहाणी सुधारकाच्या तोंडून सांगितली नाही. ती यमूच्याच तोंडून, तिच्या घरगुती भाषेत सांगितली. केशवपनाविरुद्ध तोपर्यंत पुष्कळ लेख व व्याख्याने झाली होती. पण यमू बोलू लागल्यावर वाचकाला त्या घरात राहावे लागले. आजच्या रुग्णालयातील खाटेवरून बोलणारी अशी एक यमू आम्हांला हवी आहे. तिला सर्व काही कळावे असे नाही. तिला पाण्याचे भांडे, हाताला बांधलेली पट्टी, येणाऱ्या पावलांचा आवाज एवढेच कळले तरी पुरे. आणि त्या पावलांची जी परिचारिका, तिचेही थकलेले पाय लेखकाने पाहावेत. कारण तिला केवळ दुष्ट ठरवून तो मोकळा झाला, तर चेखॉव्हच्या डॉक्टरप्रमाणे आपण सारेच सुटून जातो.

शिक्षकबंधूंना एक विनंती करून हे विवेचन संपवितो. विद्यार्थ्यांना ‘रुग्णसेवा’ या विषयावर निबंध लिहावयास दिला की फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा दिवा प्रत्येक वहीत उजळतो. तो उजळावाच. पण त्यांना कधी दिव्याच्या जागेवरून न लिहिता खाटेच्या जागेवरून लिहावयास सांगून पाहावे. ज्याच्या अंगावर तो प्रकाश पडतो त्याला काय दिसते, काय हवे असते, कशाची भीती वाटते, हे लिहू लागलेला विद्यार्थी उद्या डॉक्टर होईल, परिचारिका होईल, रुग्णाचा मुलगा होईल किंवा लेखक होईल. यांपैकी तो कोणीही झाला, तरी त्या अभ्यासाचे चीज होईल.